टाच दुखते, एक्स-रेत ‘हाड वाढलंय’. पण ऑपरेशनची घाई नको

इंदूर : विजय नगरात एबी रोडवरच्या मॉलच्या दारात आठ-दहा तास उभा राहणारा गार्ड, काउंटरमागची सेल्सगर्ल, मेघदूत उपवनात फेऱ्या मारणारे आजोबा, घरात फरशीवर अनवाणी वावरणारी गृहिणी. टाचदुखी नेमकी अशांनाच गाठते. सकाळी पलंगावरून उतरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ येते. चार पावलं चाललं की बरं वाटतं, संध्याकाळी पुन्हा ठणका.

बऱ्हाणपूर, खंडवा किंवा रावेरकडून इलाजाला इंदूर गाठणाऱ्याच्या कानावर ‘एडी की हड्डी बढ गई है’ हे वाक्य पडतं आणि तो घाबरतो. हाड वाढलं म्हणजे आता कापावंच लागणार, असा समज होतो. प्रत्यक्षात असं वाढलेलं हाड काहीच त्रास नसलेल्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसतं. बहुतेक वेळा दुखतं ते हाड नव्हे.

मग दुखतं काय?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. सतत उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, पातळ तळाची चप्पल यामुळे तो टाचेपाशी दुखावतो. रात्री झोपेत तो आखडतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. यालाच डॉक्टर प्लांटर फॅसिआयटिस म्हणतात.

बिनपैशाचा व्यायाम

दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, तळवा ताणला पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप पलंगावरून उतरण्याआधीच. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा महिने किंवा त्याहून जुनी टाचदुखी असलेल्यांना हा व्यायाम दिला होता. आठ आठवड्यांनंतर नुसती पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा त्यांना जास्त आराम पडला.

जोडीला मऊ, जाड टाचेची चप्पल घरातही वापरावी. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवावी. वजन जास्त असेल तर उतरवावं.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो, पण बऱ्याचदा काही आठवड्यांपुरताच. वारंवार घेतल्यास पट्टा फाटण्याचा आणि टाचेची गादी झिजण्याचा धोका असतो. ऑपरेशनची वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, मात्र व्यायाम मध्येच सोडून चालत नाही.

खरी अडचण नोकरीची आहे. ज्याला ड्युटीवर बसायची मुभाच नाही, त्याचा पाय बरा व्हायचा कसा? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्याने बंधनकारक केलं. एक स्टूल आणि अधूनमधून पाच मिनिटं, एवढं तर कोणताही मालक कायद्याशिवायही देऊ शकतो.

डॉक्टरांकडे लगेच कधी जावं?

पाय बधिर होणं, मुंग्या येणं, सूज-लालीसोबत ताप, झोपेतही थांबत नाही असं दुखणं, पडल्यानंतर पाय टेकवता न येणं, यापैकी काहीही असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. मधुमेह असलेल्यांनी तर आधी पाय दाखवूनच घ्यावा. त्यासाठी महागडं हॉस्पिटलच गाठायला हवं असं नाही. इंदूरचं एमवाय किंवा आपल्या जिल्ह्याचं सरकारी रुग्णालयही चालेल.