उमलताना : भाग ९ – न सांगता केलेली कट्टी

लहानपणी कट्टी व्हायची ती समोरासमोर, करंगळी दाखवून. दोन दिवसांनी तितक्याच जाहीरपणे बट्टी. सहावी-सातवीनंतर ही करंगळी नाहीशी होते. मैत्रिणींचा व्हॉट्सॲप ग्रुप एकाएकी गप्प होतो, कारण बाकीच्यांनी नवा ग्रुप काढलेला असतो. मधल्या सुट्टीत डबा उघडावा, तर बाकावर जागा धरलेली नसते. कोणी भांडलेलं नाही, कोणी शिवी दिलेली नाही. मग तक्रार करायची तरी कशाची? गेल्या आठवड्यात आपण चिडवण्याबद्दल बोललो. मला हे मुकाट वगळणं त्याहून जिव्हारी लागणारं वाटतं.

किपलिंग विल्यम्स हे मानसशास्त्रज्ञ एकदा बागेत बसले असताना दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी त्यांच्यापाशी आली. त्यांनी ती परत फेकली, आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी यांच्याकडे फेकणं बंद केलं. मोठा माणूस, ओळख ना पाळख, तरी मनाला लागलं. त्यातून पुढे 'सायबरबॉल' हा संगणकावरचा प्रयोग घडला. तिघे चेंडू टाकतात. सुरुवातीला एक-दोनदा मिळाल्यावर एकाला तो मिळेनासा होतो. काही मिनिटांत माणूस हिरमुसतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर समोर माणसं नाहीत, संगणक खेळतोय, हे आधी सांगूनही लोकांना वाईट वाटलं. लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये हाच खेळ किशोरवयीन मुली आणि प्रौढ स्त्रियांना दिला, तेव्हा वगळल्यावर मुलींचं मन अधिक खट्टू झालं.

संगणकाने चेंडू दिला नाही तरी लागतं, तिथे रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने पाठ फिरवल्यावर 'दुर्लक्ष कर गं' म्हणून काय होणार? मुलीला एवढंच ऐकू येतं की आईला हे क्षुल्लक वाटतंय. पुढच्या वेळी ती सांगत नाही. त्याऐवजी 'हे फार लागलं असेल ना तुला' म्हणा आणि थोडं थांबा. उपाय सुचवायची घाई आपल्याला असते, तिला नसते. दुसऱ्या मुलीच्या आईला लगेच फोन करू नका. काय करायचं, शाळेत कोणाशी बोलायचं, हे तिला विचारून ठरवा. वगळलेल्या मुलाच्या हातून आधीच बरंच काही सुटलेलं असतं. मात्र धमक्या किंवा बदनामी सुरू असेल, तर वाट न बघता शाळेशी बोला.

शाळेबाहेर आणखी एक जागा असणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कबड्डीचं मैदान, तबल्याचा क्लास, बालनाट्याचं शिबिर, सुट्टीत मामाकडची भावंडं. वर्ग हेच सगळं जग असेल, तर वर्गाने पाठ फिरवली की जग संपतं. नवव्या बाकावर एकटी बसणारी मुलगी संध्याकाळी मैदानावर 'आपली रेडर' असते, तेव्हा तिला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं बळ येतं. एखाद्याच मैत्रिणीला घरी जेवायला बोलावलं तरी चालेल. अख्खा ग्रुप परत मिळवायची गरज नाही.

दर सोमवारी पोट दुखू लागलं, जेवण-झोप उडाली, तर समुपदेशकांची मदत घ्या. जगण्याचा कंटाळा आल्याचं मूल बोललं, तर एक दिवसही थांबू नका आणि त्याला एकटं सोडू नका. 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येतं.

पुढच्या आठवड्यात : नवा ग्रुप काढणारं मूल आपलंच असेल तर?