गोळीआधीची दोन मिनिटं

हिवतापाचा ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नाही. वायवॅक्स जातीचे परजीवी रक्तातून नाहीसे झाले तरी काही यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, नवा डास न चावताही ताप उलटतो. या दडलेल्यांना मारणारं प्रायमाक्वीन १९५०च्या दशकापासून उपलब्ध आहे. भारतात ते चौदा दिवस देतात. तरीही वायवॅक्स हटत नाही, कारण हे औषध सगळ्यांना सोसत नाही.

तांबड्या पेशींना ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारं एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पीडी. जगातल्या सुमारे ४० कोटी लोकांत ते जन्मतःच कमी असतं. एरवी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. प्रायमाक्वीन पोटात गेलं की मात्र त्यांच्या पेशी फुटू लागतात. दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होते, डोळे पिवळे पडतात, धाप लागते. मग डॉक्टर एक तर अंदाजाने गोळी देतात, नाहीतर भीतीने देतच नाहीत. दोन्हींत नुकसान रुग्णाचंच.

आता तपासणी खाटेपाशीच होऊ शकते. बोटाला सुई टोचून १० मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, द्रावणात मिसळायचं, हातात मावणाऱ्या यंत्रातल्या पट्टीवर सोडायचं. दोन मिनिटांत पडद्यावर दोन आकडे येतात, एन्झाइमचा आणि हिमोग्लोबिनचा. या यंत्रात एन्झाइमचा आकडा ४ किंवा त्याखाली आला, तर कमतरता स्पष्ट. आकडाच का हवा? या एन्झाइमचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे ते एकच, त्यामुळे त्याचा निकाल बहुधा सरळ लागतो. बाईकडे दोन असतात, एक सदोष असलं तर एन्झाइम अर्धवट भरतं. 'आहे-नाही' एवढंच सांगणाऱ्या साध्या पट्टीतून अशा बायका निसटतात. आणि एकाच मात्रेचं नवं औषध टॅफेनोक्वीन, ज्याला अमेरिकेत २०१८मध्ये मान्यता मिळाली, त्यांना धोक्याचं ठरू शकतं. ते शरीरात कित्येक आठवडे टिकतं, एकदा गिळलं की परत घेता येत नाही. म्हणून ही तपासणी त्याची पूर्वअटच आहे.

ब्राझीलमध्ये, अमेझॉनकाठच्या मनाउस आणि पोर्तो व्हेल्यो इथे, नेहमीच्या आरोग्यसेवेतल्या कर्मचाऱ्यांनी आधी तपासणी, मग औषध हा क्रम पाळून दाखवला. मोठी प्रयोगशाळा लागली नाही. हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. एका कोळी कुटुंबात सापडलेल्या या दोषाच्या प्रकाराला वैज्ञानिक साहित्यात 'जी-सिक्स-पीडी कल्याण' असंच नाव आहे. आणि राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार गडचिरोली सोसतो. तिथे हे यंत्र जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात ठेवून भागणार नाही. ज्या उपकेंद्रात गोळी हातावर पडते तिथेच ते हवं. कमतरता निघाली तरी उपचार थांबत नाहीत, देखरेखीखाली प्रायमाक्वीनच्या आठवड्याला एक अशा आठ मात्रा देता येतात.

तोवर एवढं नक्की करा: प्रायमाक्वीन चालू असताना लघवी काळपट झाली, तर पुढची गोळी घेऊ नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.