सपाट पत्र्याचं अंडं

सपाट कागदात चेंडू गुंडाळून बघा, सुरकुत्या पडणारच! आमच्यासारख्या कागदवेड्यांचं हे जुनं दुखणं. कॅनडात, अल्बर्टातल्या व्हेग्रेव्हिल गावी मात्र सपाट अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांचं भलंमोठं अंडं उभं आहे. युक्रेनी नक्षीचं, म्हणजे ‘पिसांका’. कागदाच्या घड्यांत रमलेल्या रॉन रेश यांनी संगणकावर गणित मांडून ते १९७५ साली घडवलं. २,२०८ समभुज त्रिकोण, सगळे अगदी एकसारखे. त्यांच्यामधल्या चांदणीच्या आकाराच्या ५२४ तुकड्यांची रुंदी तेवढी जागेनुसार किंचित बदलते. खरी गंमत सांध्यांत! मध्यावर कल एक अंशाहूनही कमी, टोकाशी सुमारे सात. एवढ्याशा कलानं गोलाई येते, तुकडा न वाकवता. आणि हो, दोन टनांहून जड असलेलं हे धूड वाऱ्याबरोबर फिरतंसुद्धा.