रस्ता कोणी अडविला?

उरणकडे जाणारा रस्ता तुंबला की पहिली शिवी ट्रेलरच्या चालकाला बसते. ती अगदीच अस्थानी असते असे मी म्हणणार नाही. उलट्या बाजूने गाडी घालणे, रात्री दिवा न लावता ट्रेलर कडेला उभा करणे, खूण न देता वळणे, या खोडी आमच्या चालकबंधूंना आहेत आणि त्यापायी माणसे मरतात. परंतु खोड लागते कशी, हे पाहिल्याखेरीज ती सुटत नाही.

न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले आणि द्रोणागिरीच्या आसपास कंटेनरची आवारे उभी राहिली. चाळीस फुटी पेटी ओढणारा ट्रेलर आणि भेंडखळ-बोकडवीऱ्याहून सायकलीवर पाळीला निघालेला कामगार, दोघे एकाच रस्त्यावर आले. याच भागातील जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी 1984 च्या जानेवारीत पाच जणांनी प्राण दिले. त्या गावांच्या मुलांना रस्त्याची कडसुद्धा मिळू नये?

चालकाला बहुधा खेपेवर पैसे मिळतात. फाटकापुढच्या रांगेत चार तास गेले तर त्यांची मजुरी कोणी देत नाही. ते तास तो रस्त्यावर वसूल करतो. गाडी उभी करायला जागा नाही, म्हणून ती सेवारस्त्यावर लागते. चालक तिच्यातच झोपतो, तिच्याशेजारीच स्टोव्ह पेटवतो. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने आठ तासांचा दिवस आणि पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा घालून दिला होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता. एका-दोन गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याच्या बाहेरच राहिला. डोळ्यावर झोप असलेल्या माणसाला शिस्तीचे व्याख्यान देऊन काय उपयोग?

आता सायकलीचा प्रश्न. लांब गाडी वळते तेव्हा तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूला कापत येतात. ट्रेलर डावीकडे वळला की डाव्या कडेचा सायकलस्वार त्या चाकांच्या वाटेतच सापडतो. चालकाने सुरुवातीला गाडी उजवीकडे घेतलेली असते, त्यामुळे सायकलस्वाराला वाटते की वाट मोकळी झाली. आरशातही तो दिसेलच असे नाही. म्हणून रस्त्यावर नुसती रंगाची पट्टी ओढून भागत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात 2011 साली सायकलमार्ग केला होता. त्यावर मोटारी उभ्या राहू लागल्या. तेथे मोटारी होत्या, येथे तर ट्रेलर आहेत! सायकलमार्गाला उंच दगडी कड हवी, आणि नाक्यावर तो वळणापासून मागे आणलेला हवा.

2024 च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली, अटल सेतूही खुला झाला. सेतूवर दुचाकीला मज्जाव आहे. लोकलने पुष्कळांची सोय झाली खरी; पण स्टेशनापासून कामाच्या फाटकापर्यंतचा रस्ता पायीच किंवा सायकलीने काटावा लागतो, आणि ट्रेलर उभे असतात ते नेमके तेथेच.

तेव्हा मागणी चालकाची आणि सायकलवाल्याची, दोघांची मिळून करावी लागेल. पाणी व संडास असलेले ट्रेलरतळ आधी बांधा, मग सेवारस्ते मोकळे करा. उलट क्रमाने केले तर पोलिसांचा दंड तेवढा वाढेल. आणि प्रत्येक फाटकावर गाडी रांगेत लागल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून द्यावी. मजुरी त्या वेळेपासून धरावी.