देवगोईचा चढ आणि दिवाळीनंतरची कुलपं

खानदेशात सायकल चालवायची तर आधी ऊन समजून घ्यावं लागतं, रस्ता नंतर. तापीच्या खोऱ्याचा हा पट्टा निमकोरडा. मार्चमध्येच पारा चाळिशीकडे सरकू लागतो, मे महिन्यात त्याच्याही वर जातो, आणि दुपारनंतर सुटणारा पश्चिमेचा वारा अक्कलकुव्याकडे निघालेल्याच्या थेट तोंडावर येतो. पावसाळ्यात काळी माती टायरला अशी बिलगते की चाक फिरेनासं होतं. म्हणून इथला सायकलचा हंगाम दिवाळी ते होळी. या हंगामाला एक दुसरी बाजूही आहे. सायकलवाल्यांच्या गप्पांत ती येत नाही, आणि हा लेख मुख्यतः तिच्यासाठीच लिहितो आहे.

धुळे जिल्ह्यातल्या शेवाळी फाट्यावरून निघालेला महामार्ग निजामपूर, छडवेल, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा करत गुजरातेत देडियापाड्यावरून नेत्रंगला जातो. या रस्त्याचा दक्षिणेकडचा तुकडा भूगोलाच्या विद्यार्थ्यांना फुकटची प्रयोगशाळा आहे. माळावर अधूनमधून काळ्या दगडाच्या लांबच लांब सरळ भिंती उभ्या दिसतात. माणसानं बांधलेल्या वाटाव्यात इतक्या त्या रेखीव आहेत. जमिनीला पडलेल्या भेगांतून वर आलेला लाव्हा आतच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि या भिंती उरल्या. नंदुरबार-धुळे पट्ट्यातल्या अशा दोनशेहून अधिक भिंतींचा भूशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आहे. सर्वांत लांब भिंत ७९ किलोमीटरची, आणि काहींची जाडी साठ मीटरपर्यंत भरते. मोटारीतून त्या दिसतात आणि मागे पडतात. सायकलवर त्यातली एखादी बराच वेळ सोबत चालते. जमिनीखालचं पाणीही या भिंती अडवतात, त्यामुळे भिंतीच्या एका अंगाला विहीर भरलेली आणि दुसऱ्या अंगाला कोरडी, असं घडू शकतं.

नंदुरबार जवळ आल्याचं नाकाला आधी कळतं. डिसेंबर-जानेवारीत शहराच्या आसपास मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात. एकरच्या एकर जमीन लालभडक. तोंडाला फडकं गुंडाळलेल्या बाया मिरची वरखाली करत असतात, आणि वारा फिरला की चढावर धापा टाकणाऱ्याला असा ठसका लागतो की पाय टेकावेच लागतात. त्या बाया दिवसभर त्याच हवेत उभ्या असतात.

हा सगळा मुलूख जुन्या रहदारीचा आहे. सुरत ते बुऱ्हाणपूर हा मोगल काळातला मोठा व्यापारी मार्ग नवापूर-नंदुरबारवरून जात असे. सतराव्या शतकातला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए या वाटेनं गेला. नवापूरच्या बारीक तांदळाचं त्यानं कौतुक केलं आहे: शिजला की बर्फासारखा पांढरा, आणि वास कस्तुरीचा. त्याच्या आधी, १६३०च्या नोव्हेंबरात, पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून आग्र्याकडे निघाला. तेव्हा गुजरात आणि दख्खनवर भीषण दुष्काळ पडला होता. नंदुरबारपर्यंतचा रस्ता प्रेतांनी भरलेला होता आणि दुर्गंधीनं पाठ सोडली नाही, असं तो लिहून ठेवतो. एकाच वाटेची ही दोन वर्णनं शेजारी ठेवली की रस्ता केवळ समृद्धीच आणतो ही आपली समजूत डळमळते. भूक आली की माणसं त्याच रस्त्यावर येतात.

पुढे शहादा तालुक्यातलं सुलतानपूर बघा. एके काळी परगण्याचं ठिकाण असलेलं हे गाव यशवंतराव होळकरांच्या काळातली धामधूम आणि १८०३-०४चा दुष्काळ यांत उजाड झालं. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं प्रकाशा मात्र टिकून राहिलं. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथलं पांढरीचं टेकाड खणलं तेव्हा ताम्रपाषाण युगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. दक्षिण काशी म्हणून लोक आजही तिथे येतात. थोडी वाकडी वाट करून जावं असंच हे गाव आहे.

तापी ओलांडून तळोद्यात शिरलं की बारगळांची गढी आहे. मल्हारराव होळकरांचे मामा भोजराज बारगळ इथले. वडील लहानपणीच वारले, आई मुलाला घेऊन भावाकडे आली, आणि पुढे माळव्यावर राज्य करणाऱ्या या माणसाचं बालपण याच काळ्या मातीवर, मामाची जनावरं राखण्यात गेलं. मामाची मुलगी गौतमाबाई हीच त्यांची पत्नी. तळोद्याला आणखी एक मान आहे. धनत्रयोदशीला अस्तंब्याची यात्रा इथून निघते. अश्वत्थामा त्या शिखरावर अजून भटकतो अशी श्रद्धा असलेले हजारो लोक १,३२५ मीटर उंचीचा तो डोंगर रातोरात पायी चढतात. आपण घरी फराळ करत असतो त्याच रात्री हे चालू असतं. चढाची खरी परंपरा या भागात पायांची आहे, चाकांची नव्हे.

तळोदा ते अक्कलकुवा हा तुकडा सायकलला सोपा. उजव्या हाताला सातपुडा सतत सोबत असतो, रस्ता पायथ्याला धरून जातो. केळी, ऊस, कापूस, पपई आणि मध्येच कोरडे नाले. त्रास एकच: गुजरात आणि मध्य प्रदेशाकडे जाणारे अवजड ट्रक. पांढऱ्या पट्ट्याच्या बाहेर दोन हात जागा मिळेल तिथे मिळेल, नाहीतर खाली खडीत उतरावं लागतं. कडेला वेड्या बाभळीचे काटे. या रस्त्यावर २५ मिलिमीटरचं बारीक टायर घेऊन येणं हा हट्ट आहे. ३२ किंवा त्याहून जाड असावं, आणि जास्तीच्या दोन ट्यूब जवळ ठेवाव्यात. अक्कलकुव्याच्या बाजूला एका पंक्चरवाल्या दादांनी माझ्या ट्यूबची नळी अंगठ्याखाली फिरवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘भाऊ, इतकी बारीक नळी? हिला आपला पंप लागनार नाही.’’ तरी त्यांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली, बुडबुडा धरला, कानशीनं रबर खरवडलं, ठिगळ चिकटवून लोखंडी दांड्यानं दाबलं. हवा माझ्या पंपानं भरली. पैसे विचारले तर गावातल्या सायकलला लावतात तेवढेच लावले.

त्यांच्याकडे ओळीनं उभ्या होत्या त्या मुलींच्या सायकली. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल मिळते. २०१२च्या राज्य मानव विकास अहवालात नंदुरबार जिल्हा सगळ्यांत खाली होता. अशा मागास तालुक्यांसाठीच ही योजना आहे. सकाळी या महामार्गावर दोन-दोन, तीन-तीनच्या गटानं येणाऱ्या मुली दिसतात. पुढच्या टोपलीत दप्तर, ओढणी मागे गाठ मारलेली. या भागातल्या खऱ्या सायकलपटू त्याच. हेल्मेट आणि रंगीत जर्सी घालून आलेल्यांनी त्यांना वाट द्यावी, घंटा वाजवून दचकवू नये.

पण या सायकली अक्कलकुव्याहून डोंगरात चढणाऱ्या देवगोई घाटाच्या अलीकडेच थांबतात. सपाटीवरची मुलगी सायकलनं शाळेत जाते. डोंगरातल्या अनेक मुली आश्रमशाळेत राहतात, कारण पाडा ते शाळा हे अंतर सायकलनं कापण्यासारखं नसतं. डोंगरातला माणूस पायी चालायचा, मग एकदम मोटरसायकलवर बसला. मधली सायकल त्याच्या आयुष्यात फारशी आलीच नाही. अक्कलकुव्याहून या घाटानं डोंगरातल्या मोलगीपर्यंत पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. आमलीबारीनंतर वळणं आवळत जातात, साग आणि महू दोन्ही बाजूंनी उभे, आणि सर्वांत हलक्या गिअरवरही मांड्या पेटतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. त्या घाटाला निदान रस्ता रुंद आहे, कठडे आहेत. देवगोईत काही वळणांवर कडेला आधार नाही आणि डांबर उखडलेलं आहे. उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत. रिम तापते, ट्यूब फुटते. मागचा-पुढचा आलटून पालटून दाबावा आणि दर दोन-तीन वळणांनी थांबून हात मोकळे करावेत.

हा डोंगर बाहेरच्यांच्या हातात कधी सहज आला नाही. काठी, नाला, सिंगपूर, चिखली, नवलपूर आणि गव्हाळी अशी भिल्ल प्रमुखांची सहा मेवासी संस्थानं इथे होती. १८४६च्या कायद्यानं इंग्रजांनी त्यांना नेहमीच्या कायदेकानूंच्या बाहेरच ठेवलं. व्यापाराचा मार्ग दक्षिणेकडून सपाटीनं गेला, डोंगर आपल्या पद्धतीनं राहिला. आज संस्थानं गेली, पण वनखात्याचा ‘मेवासी वनविभाग’ तळोद्यात आहे. इथल्या आदिवासींच्या परंपरेत डाब हे मूळस्थान, याहामोगी देवीशी जोडलेलं. सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याला महाशिवरात्रीला तिची मोठी यात्रा भरते. डाब आज दुसऱ्या कारणानंही ओळखलं जातं. थंडीत तिथे दव गोठतं आणि स्ट्रॉबेरी पिकते. खाली पथारीवर मिरची वाळत असते, त्याच दिवशी वर गवतावर पांढरा थर असतो. हे दोन्ही बघायला मिळणारे जिल्हे महाराष्ट्रात फार नसावेत.

पाऊस इथे सपाटीपेक्षा जास्त पडतो. तरी फेब्रुवारी उलटला की डोंगरातल्या बाया हंडे घेऊन झऱ्यावर उतरताना दिसतात. काळा कातळ, तीव्र उतार आणि विरळ झालेलं जंगल, त्यामुळे पाणी थांबत नाही. ते जातं खाली नर्मदेत, आणि नर्मदेवर सरदार सरोवर आहे. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे त्या धरणातलं महाराष्ट्राचं पहिलं बुडीत गाव. १९९३च्या मार्चमध्ये धरणासाठीचं जागतिक बँकेचं कर्ज थांबलं, १९९४ मध्ये जगभरच्या संघटनांनी मोठ्या धरणांविषयी जे निवेदन काढलं त्याला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. धरणाची उंची अखेर १३८.६८ मीटरपर्यंत गेली आणि २०१९ मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांतली ३३ गावं त्यात बाधित झाली. काठावरच्या उरलेल्या पाड्यांपर्यंत बोटीतला तरंगता दवाखाना जातो. वरच्या पाड्यांतून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागल्याच्या बातम्या अजून येतात.

आता हंगामाची ती दुसरी बाजू. दिवाळी झाली की या डोंगरातली माणसं गुजरातेत ऊसतोडीला आणि इतर मजुरीला निघतात. पिकअपमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि लहान मुलं. घाटात या गाड्या समोरून येतात. म्हणजे हवा छान म्हणून आपण ज्या महिन्यांत चढतो, त्याच महिन्यांत इथली माणसं उतरतात. रस्त्याकडेचे कुडाचे पाडे शांत, अंगण सारवलेलं, दाराला कुलूप. सायकलवाले फोटो काढतात आणि खाली ‘निवांत गाव’ असं लिहितात. मला हे शब्द सहन होत नाहीत. १६३० मध्ये मंडीला दिसलेला रस्ता, १८०४ नंतरचं सुलतानपूर आणि आजची ही कुलपं यांत फरक मोठा आहे, आज कोणी रस्त्यावर मरून पडत नाही. पण घर सोडायला लावणारी गरज तीच आहे.

होळीला ही माणसं परततात. काठीची राजवाडी होळी सगळ्यांत मोठी. उंच बांबू जंगलातून आणतात, खड्डा अवजारांशिवाय हातांनी उकरतात आणि होळी पहाटे पेटते. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले, अंगावर पांढरे ठिपके काढलेले बुध्या रात्रभर नाचतात. ते व्रतस्थ असतात. पायी, जमिनीवर झोपून, कडक नेम पाळून त्यांनी ते दिवस काढलेले असतात. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. त्याआधी भोंगऱ्या बाजार भरतात, आणि नुसता मोलगीचा बाजार बघितला तरी ओसाड दिसलेल्या या डोंगरात केवढी माणसं राहतात ते समजतं.

सायकल घेऊन इथे जरूर यावं. सुरत-भुसावळ रेल्वेनं नंदुरबारला उतरावं, तळोद्यात मुक्काम करावा, अक्कलकुवा पहाटे सोडावं, पाणी तीन लिटर तरी जवळ असावं. बुध्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नये, आधी विचारावं. मोलगीत एप्रिल-मेमध्ये कैऱ्या सोलून, चिरून, उन्हात वाळवून घरोघर आमचूर होतो. तो थेट त्या घरातून घ्यावा आणि भाव करू नये. देवगोई घाटाचे कठडे आणि डांबर यांसाठी मात्र पर्यटनाचं कारण पुढे करू नये. वर राहणाऱ्यांचा दवाखाना, शाळा आणि बाजार याच एका रस्त्यावर आहे, तेवढं कारण पुरेसं आहे आणि ते काम आधी व्हायला हवं. तोवर घाटात मागून एसटी आली तर कडेला उतरून तिला वाट द्या. मोलगीला जाणाऱ्या अनेकांकडे दुसरी गाडी नाही.