वृत्तभाषेतील हरवलेला कर्ता : स्त्रियांवरील हिंसेच्या बातमीचा शैलीविचार

ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्याला निमित्त झाले ते सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेवरील अर्भकहत्येच्या खटल्याचे. १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी करण्यात आली. 'पुणेवैभव' या पत्राने त्या एका प्रकरणावरून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले. ताराबाईंनी लेखणी उचलली ती या वर्तमानपत्री लेखनाला उत्तर देण्यासाठी. दोष स्त्रीच्या पदरात घालताना पुरुष नामानिराळा कसा राहतो, हा त्यांचा मूळ प्रश्न होता. १८८५ मध्ये जोतीराव फुले यांनी 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. आज ते स्त्रीवादी विचारांचा आद्य ग्रंथ म्हणून अभ्यासले जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र ते मराठी वृत्तपत्रीय गद्याची पहिली महत्त्वाची स्त्रीकृत चिकित्साही आहे, याकडे आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात ताराबाईंचा तोच प्रश्न वाक्यरचनेच्या पातळीवर विचारावयाचा आहे. स्त्रियांवरील हिंसेची बातमी देणाऱ्या मराठी वाक्यात कर्ता कोठे असतो? वृत्तपत्रे स्त्रियांवरील हिंसा क्षुल्लक ठरवतात, या आक्षेपाचा विचार सामान्यतः छायाचित्रे, जाहिराती आणि भडक मथळे यांच्या संदर्भात होतो. परंतु हे क्षुल्लकीकरण संयमित, 'वस्तुनिष्ठ' समजल्या जाणाऱ्या चार ओळींच्या बातमीतही घडते, आणि ते व्याकरणाच्या द्वारे घडते, असे येथे मांडावयाचे आहे. पुढील वाक्ये कोणत्याही एका वृत्तपत्रातून घेतलेली नाहीत. नित्याच्या वाचनात आढळणारे साचे दाखविण्यासाठी ती नमुन्यादाखल रचली आहेत.

१. जळणे आणि जाळणे

मराठीत धातूंच्या काही जोड्या आहेत : मरणे-मारणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, बुडणे-बुडविणे. पहिल्या रूपात क्रिया आपोआप घडते, तर दुसऱ्यात ती कोणीतरी घडवून आणतो. 'विवाहितेचा जळून मृत्यू' आणि 'विवाहितेला जाळून मारले' या दोन मथळ्यांत फरक एका कान्याचा आहे, पण त्या कान्यावर एक संपूर्ण मनुष्य उभा आहे. 'भाजणे' हा धातू तर दोन्हीकडे चालतो. 'तिचा हात भाजला' असेही आपण म्हणतो आणि 'त्याने वांगे भाजले' असेही म्हणतो. त्यामुळे 'भाजून मृत्यू' या शब्दांत भाजणारा होता की नव्हता, हे वाचकाला कधीच कळत नाही. 'स्टोव्हचा भडका उडून' या शब्दप्रयोगात तर कर्तेपण थेट स्टोव्हकडे जाते.

हुंडाबळींचा प्रश्न ऐरणीवर आला त्या काळात हा स्टोव्ह मराठी वृत्तपत्रांतून वारंवार भडकत होता. १९८३ साली भारतीय दंडविधानात कलम ४९८-अ आले आणि १९८६ मध्ये ३०४-ब. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजल्यामुळे किंवा अन्य अनैसर्गिक कारणाने मृत्यू झाला आणि मृत्यूपूर्वी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचे दिसून आले, तर त्या मृत्यूची जबाबदारी पती वा सासरच्या मंडळींवर असल्याचे गृहीत धरण्याची तरतूद त्यात होती. म्हणजे स्टोव्हवर संशय घेण्यास कायदा १९८६ साली शिकला. वृत्तवाक्य मात्र त्यानंतरही दीर्घकाळ स्टोव्हचीच साक्ष काढीत राहिले.

पदव्युत्तर वर्गात शैलीविज्ञान शिकविताना मी या जोड्यांचा पाठ घेत असे. एकदा एका विद्यार्थिनीने तास संपल्यावर सांगितले, "सर, आमच्या गावात सून विहिरीत नेहमी पडतेच. तिनं उडी मारली असं कोणी म्हणत नाही आणि ढकललं असं तर कोणीच म्हणत नाही." यावर मी फारसे काही बोलू शकलो नाही. पण बातमीची भाषा कोठून येते, हे मला त्या दिवशी उमगले. बातमीदार ती भाषा घडवीत नाही. गावाने, घराने आणि पोलीस चौकीने आधीच स्वीकारलेले सोयीचे क्रियापद तो उचलतो आणि त्याला छापील प्रतिष्ठा देतो.

२. खुणेवाचून गळणारा कर्ता

कर्त्याचा लोप करण्यास मराठीची रचना विशेष अनुकूल आहे. 'तो तिला मारतो' या कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'त्याने तिला मारले' या भावे प्रयोगात ते कर्त्याशी जुळत नाही आणि कर्माशीही जुळत नाही. परिणामी 'त्याने' हा शब्द काढून टाकला तरी 'तिला मारले' हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अबाधित राहते. मारणारा पुरुष होता की स्त्री, एक होता की अनेक, याची पुसटशी खूणही क्रियापदावर उरत नाही. बातमी बहुधा भूतकाळातच लिहिली जात असल्याने ही सवलत तिला आयतीच मिळते.

'होणे' या क्रियापदाने हा लोप पूर्ण होतो. अत्याचार होतो, मारहाण होते, बलात्कार होतो, जसा पाऊस होतो. 'करणे' जाऊन 'होणे' आले की गुन्ह्याला नैसर्गिक आपत्तीचे रूप येते. ज्याला आपण घरातील 'कर्ता पुरुष' म्हणतो, तो त्याच घरातील गुन्ह्याच्या वाक्यात कर्ता म्हणून आढळत नाही, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

३. 'प्रेमातून' आणि 'संशयावरून'

कर्ता गेल्यावर रिकामी झालेली जागा कारण भरून काढते. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' या मथळ्यात हल्ला जणू प्रेम नावाच्या उगमातून वाहत आलेला आहे. 'तून' हा प्रत्यय उगम दाखवतो, निर्णय दाखवत नाही. चाकू विकत घेणे, पेट्रोल बाटलीत भरणे, वाटेवर दबा धरून बसणे या सगळ्या कृती त्या एका प्रत्ययात बुडून जातात.

मार्च १९९० मध्ये उल्हासनगर येथे दहावीच्या परीक्षेला बसलेल्या एका विद्यार्थिनीला परीक्षेच्या वर्गात शिरून जाळण्यात आले. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटविण्यात आले. आठवड्याभरात तिचा मृत्यू झाला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आरोपीस जन्मठेप झाली. या दोन घटनांमध्ये ३० वर्षांचे अंतर आहे. दरम्यान २०१३ च्या दुरुस्तीने स्त्रीचा पाठलाग करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला होता. तरीही दोन्ही वेळा 'एकतर्फी प्रेम' हेच शब्द वापरले गेले. ज्या गोष्टीला दुसरी बाजू नाही आणि नकाराचा स्वीकारही नाही, तिला प्रेम म्हणणे हा केवळ शब्दाचा ढिसाळपणा नाही. त्या शब्दाने मारणाऱ्याच्या ठायी एक भावजीवन कल्पिले जाते आणि मेलेल्या मुलीकडे न दिलेल्या प्रतिसादाची जबाबदारी येते.

'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' या साच्यात हेच अधिक सूक्ष्मपणे घडते. संशय पतीचा आहे, पण 'चारित्र्याच्या' ही षष्ठी पत्नीकडे बोट दाखवते. पतीविषयी वाक्य गप्प राहते आणि मृत स्त्रीच्या चारित्र्याची चर्चा मात्र सुरू होते.

४. नावे ठेवणे आणि नाव न घेणे

गुन्ह्याला दिलेली नावेही पाहिली पाहिजेत. 'बलात्कार' या शब्दातच बळ आहे, म्हणजे बळ वापरणाऱ्याचा निर्देश आहे. म्हणून की काय, तो टाळण्याकडे कल असतो. 'अब्रू लुटली' म्हटले की शरीरावरचा हल्ला मालमत्तेवरचा होतो, आणि ती मालमत्ता बहुधा कुटुंबाची असते. 'अतिप्रसंग' हा मूळचा न्यायशास्त्रातील शब्द असून एखादा नियम मर्यादेबाहेर लागू होणे असा त्याचा अर्थ आहे. वृत्तपत्रांत तो येतो तेव्हा प्रसंग उरतो, माणूस उरत नाही. 'छेडछाड' या शब्दाला खेळकर खोडीचा वास आहे. 'विनयभंग' हा शब्द तर कायद्यानेच दिलेला आहे. १८६० च्या दंडविधानातील कलम ३५४ ची ही संकल्पना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही टिकून आहे. यात भंगतो तो स्त्रीचा विनय, तिचा देह वा तिचे स्वातंत्र्य नव्हे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक लेखनातील अशा रूढ शब्दांविषयी एक पुस्तिका काढली, यावरून प्रश्नाचे गांभीर्य लक्षात यावे.

याच्या उलट टोकाला 'नराधम', 'वासनांध' हे शब्द आहेत. येथे कर्ता ठळक दिसतो, पण तो माणसांतून उठवलेला असतो. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरोच्या गेल्या दशकातील अहवालांनुसार नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी स्त्रीच्या परिचयाचा असतो. २०२२ साली देशात स्त्रियांवरील ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले. त्यांतील सर्वांत मोठा वर्ग, सुमारे ३१ टक्के, पती व त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा होता. परका नराधम ठळक अक्षरांत येतो आणि घरचा मनुष्य 'होणे' या क्रियापदामागे लपतो. दोन्ही शैली परस्परविरोधी दिसल्या तरी त्यांचे कार्य एकच आहे. वाचकाला आपल्या ओळखीचा चेहरा पाहावा लागू नये, अशी सोय त्या करतात.

५. एक आक्षेप

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. गुन्हा सिद्ध होण्यापूर्वी बातमीदाराने कोणाला दोषी कसे म्हणावे? ही सावधगिरी आवश्यकच आहे. परंतु सावधगिरी आणि कर्तृलोप या भिन्न गोष्टी आहेत. 'पतीने जाळल्याची तक्रार मृत्यूपूर्व जबाबात आहे' या वाक्यात कर्ता आहे आणि कायद्याची मर्यादाही पाळलेली आहे. त्याचप्रमाणे बलात्कारित स्त्रीची ओळख प्रकट न करण्याचे बंधन १९८३ पासून आहे. ते तिच्या रक्षणासाठी आहे. तिचे नाव झाकणे आणि त्याची कृती झाकणे यांत गल्लत होऊ नये. शिवाय, चोरीच्या बातमीत 'एकतर्फी लोभातून दागिने गेले' असे कोणी लिहीत नाही. तेथे चोर सिद्ध होण्यापूर्वीही 'चोरट्यांनी' हा कर्ता निःसंकोच येतो. तेव्हा प्रश्न कायद्याच्या धाकाचा नसून भाषिक सवयीचा आहे.

समारोप

१८३२ मध्ये 'दर्पण' निघाले तेव्हापासून मराठी गद्याची घडण मोठ्या प्रमाणात वृत्तपत्रांनी केली, हे आपण साहित्येतिहासात शिकवतो. तरीही आपली शैलीमीमांसा कविता-कथेच्या पलीकडे क्वचितच जाते. मो. के. दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून प्रयोगविचार पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेपुरता शिकविला गेला. मराठीच्या अध्यापकाला करता येण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. प्रयोगविचाराच्या तासाला त्या दिवशीचे वृत्तपत्र वर्गात न्यावे, गुन्ह्यांच्या बातम्यांतील प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारावी आणि त्याचा कर्ता विद्यार्थ्यांना शोधावयास सांगावे. हेच विद्यार्थी उद्या बातम्या लिहितील, पोलीस ठाण्यात जबाब नोंदवतील, पंचायतीत बसतील. विहिरीत पडलेल्या सुनेविषयी कोणते क्रियापद वापरावयाचे, हे तेव्हा त्यांना ठरवावे लागेल. ताराबाईंनी १८८२ साली विचारलेला प्रश्न त्या वेळी तरी वाक्यात उमटावा, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.