कागदानं पाडलेल्या भिंती

उजनी धरण मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्याही खाली, गेलं की इंदापूर तालुक्यातली माणसं पळसदेवला जाऊ लागतात. भीमेचं पाणी मागं सरतं, गाळाला भेगा पडतात आणि पळसनाथाचं देऊळ आधी शिखरानं, मग खांबांनी, मग जोत्यानं वर येतं. माझ्या आईचं माहेर धरणात बुडालेल्या जुन्या पळसदेवातलं. आजी होती तोवर ती त्या गाळात उभी राहून हात करून दाखवायची : इथं पेठ, इथं वेस, इथं आपलं घर. मला दिसायचा तो नुसता चिखल. लग्नांचे, बारशांचे फोटो आमच्याकडं आहेत. गावाचा एकही नाही. गावाचा फोटो कोण कशाला काढील? गाव कुठं जाणार होतं?

जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवायचा नाद मला तिथूनच लागला असावा. कुणीतरी, कुठंतरी, एका पडक्या भिंतीपुढं कॅमेरा उभा केला, त्याच्या हजार प्रती छापल्या आणि त्या जगभर गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटतं. चित्रकार धुरंधरांनी काढलेली मुंबईकरांची चित्रं, क्लिफ्टन आणि कंपनीचे मुंबईचे देखावे, हे सगळं संग्राहकांना ठाऊक आहे. ओमर खान यांच्या २०१८ सालच्या 'पेपर ज्युवेल्स' या ग्रंथानं तर हिंदुस्थानी कार्डांचा इतिहासच मांडला. मला ओढ आहे ती पडझडीच्या कार्डांची. त्यातल्या दोन कार्डांनी माझी बरीच वर्षं घेतली.

पहिलं बारामतीत रद्दीच्या दुकानात मिळालं, सोलापूरहून आलेल्या इंग्रजी पुस्तकांच्या गठ्ठ्यात. हातानं रंग भरल्यासारखं आभाळ, खाली अर्धा घुमट तुटून उघडा पडलेला, कमानींची ओळ, कडेला गुलाबाचं झुडूप. नाव छापलंय : मिशन सान हुआन कापिस्त्रानो, कॅलिफोर्निया. पाठीवर मधोमध रेघ आहे, म्हणजे कार्ड १९०७ नंतरचं. अमेरिकी टपालखात्यानं पाठीची डावी बाजू मजकुराला मोकळी केली ती त्या वर्षी. तोवर पाठीवर फक्त पत्ता आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटून. पेन्सिलीची अक्षरं पुसट झालीत, शब्द लागतात ते दोनच : सोलापूर, इंडिया. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. कार्ड तिथल्याच कुणाला आलं असावं, अशी माझी समजूत आहे.

ती वास्तू पाहून वाटतं, हजार वर्षांची असेल. मीही तेच धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्या दगडी चर्चचं काम १७९७ ला सुरू झालं, १८०६ ला पुरं झालं आणि ८ डिसेंबर १८१२ ला सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी भूकंपात ते कोसळलं. जेमतेम सहा वर्षं वापरलेली इमारत! इसिद्रो आगिलार नावाचा गवंडी त्यासाठी मेक्सिकोतल्या कुलियाकानहून आणला होता. काम पुरं होण्याआधीच तो गेला. छताखाली जे चाळीसजण मेले ते सगळे तिथले मूळ रहिवासी, आखाचेमेन लोक. दगड वाहिले त्यांनी, चुना मळला त्यांनी, आणि गाडलेही गेले तेच. कार्डावर त्यांची खूणही नाही. स्पॅनिश फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यानं १७६९ ते १८२३ या काळात उभारलेल्या एकवीस मिशनांत स्थानिक माणसं रोगराईनं आणि सक्तीच्या कामानं किती मोठ्या संख्येनं मेली, हे आता लपून राहिलेलं नाही. गुलाबाच्या झुडपाचा मला राग येतो तो म्हणूनच.

पण भूकंपानं एक चर्च पाडलं, मिशन पाडलं नाही. शेजारच्या खोल्या, कोठारं, जुनं मातीच्या विटांचं प्रार्थनाघर सगळं उभं होतं. वाचलेल्या चार घंटा पुढच्याच वर्षी एका भिंतीत टांगल्या गेल्या. ते सगळं ओस पाडलं एका कागदानं. १८३३ साली मेक्सिकोच्या संसदेनं मिशनं पाद्र्यांकडून काढून घ्यायचा कायदा केला. कापिस्त्रानो १८४५ साली ७१० डॉलरला विकलं गेलं. पुढं कौलं निघाली, तुळया निघाल्या, पावसानं मातीच्या भिंती विरघळल्या. १८९५ साली चार्ल्स लमिस या पत्रकारानं 'लँडमार्क्स क्लब' काढून छपरं परत घालायला सुरुवात केली तेव्हा कुठं ती गळती थांबली. तोवर पोस्टकार्डाचं युग दाराशी आलं होतं आणि कॅमेऱ्यांना आयते भग्नावशेष मिळाले.

हे सारं वाचून मी कार्ड पाकिटात घातलं आणि विसरलो. मग गोव्याचं कार्ड हाती आलं.

पणजीत जुन्या नाण्यांचं दुकान मांडून बसलेल्या एका गृहस्थांकडून ते घेतलं. माथ्यावर पोर्तुगीजमध्ये 'बिल्येत पोश्ताल'. चित्र जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवरचं, सेंट ऑगस्टीनच्या मठाचं. आज आपण जातो तेव्हा जांभ्या दगडाचा एकच उभा मनोरा दिसतो, ४६ मीटर उंच, एका बाजूनं कापल्यासारखा. माझ्या कार्डावर मात्र अख्खा दर्शनी भाग उभा आहे. मजल्यावर मजले, खिडक्यांच्या रांगा, आणि पायथ्याशी एक माणूस, बहुधा उंचीचा अंदाज यावा म्हणून उभा केलेला. नीट पाहिलं की खिडक्यांतून पांढरं आभाळ दिसतं. मागं काही नाही, नुसता मुखवटा.

त्या आभाळावरून कार्डाच्या काळाची दोन टोकं पक्की करता येतात. छत कोसळलं १८४२ साली. दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा पडला १९३१ साली. मधल्या एकोणनव्वद वर्षांत ती भिंत एकटी उभी होती, आणि ती कशी होती याची साक्ष माझ्यासारख्यांच्या डब्यातली दोन-चार पैशांची कार्डं देतात.

छत का कोसळलं? वीज पडली नाही, तोफ डागली नाही, भूकंप नाही. १८३४ च्या मे महिन्यात लिस्बनमध्ये जोआकिम आंतोनियो द आगियार या मंत्र्यानं साधूंचे सगळे मठ बंद करण्याचा हुकूम काढला. गोव्यात तो १८३५ साली लागू झाला आणि साधूंना बाहेर काढण्यात आलं. १६०२ साली पुऱ्या झालेल्या त्या वास्तूला सात वर्षांत घरघर लागली. जांभा ज्यांनी वापरलाय त्यांना हे सांगायला नको. जांभ्याला चुन्याचा गिलावा हवा आणि तो दर पावसाळ्यानंतर डागडुजी मागतो. छताची मोठी कमान भिंतींना सतत बाहेर रेटत असते. एक फट, तीत पिंपळाचं रोप, तीन-चार पावसाळे, की तो रेटा भिंतींना पेलत नाही.

मेक्सिकोचा कागद १८३३ चा, लिस्बनचा १८३४ चा. दोन समुद्रांपलीकडची दोन सरकारं, एकमेकांशी सल्लामसलत नसलेली, एकच वारं वाहत असलेल्या काळात तेच करत होती. स्पेननंही लगेच मठांच्या जमिनी विकायला काढल्या. मठांच्या सत्तेबद्दल मला प्रेम नाही. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेलं इन्क्विझिशन ज्यानं वाचलंय त्याला ते असणं कठीण. तरी सत्ता काढून घेणं वेगळं आणि छपराला बेवारस करणं वेगळं, असं माझं ठाम मत झालं आहे.

या मठाच्या पोटात एक राणी होती, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिच्यात. जॉर्जियातल्या काखेतीची राणी केतेवान. इराणच्या शाह अब्बासानं तिला ओलीस ठेवलं होतं. धर्म सोडायला ती तयार होईना म्हणून १६२४ साली शिराझमध्ये तापलेल्या लोखंडानं हालहाल करून तिला मारलं. तिथं असलेल्या ऑगस्टीनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप उकरून काढले आणि १६२७ साली त्यांतले काही गोव्याला आणले. तिचा मुलगा तेइमुराझ राजाही होता आणि कवीही. आईच्या मरणावर त्यानं काव्य लिहिलं. लिस्बनच्या ग्रासा मठातल्या निळ्या फरशांवर तिच्या वधाचं चित्र आहे. आणि तिचा हात होता गोव्यातल्या जांभ्याच्या ढिगाऱ्याखाली.

नेमका कुठं, ते पोर्तुगीज कागदपत्रांत लिहिलेलं होतं : मठाच्या सभागृहातल्या प्रार्थनामंदिरात, उजव्या अंगाला, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. 'दुसरी खिडकी' हे शब्द मी वाचले आणि रात्रभर झोपू शकलो नाही. इतका साधा पत्ता! फक्त खिडकी राहिली नव्हती. भिंतच नव्हती. सोव्हिएत काळाच्या अखेरीपासून जॉर्जियाचे अभ्यासक गोव्याला येऊन शोधत राहिले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं ढिगारा थराथरानं उपसला, जोती मोकळी केली, मठाचा आराखडा जमिनीवर परत उमटवला आणि मग पहिली खिडकी, दुसरी खिडकी असं मोजता आलं. निजामुद्दीन ताहेर यांच्या देखरेखीखालच्या त्या उत्खननात हाताचं लांब हाड मिळालं, शिवाय आणखी दोन अवशेष.

हाड राणीचंच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं त्यातून आईकडून येणारा डीएनए वेगळा केला. त्याची वंशखूण बावीस हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांशी ताडून पाहिली. एकातही सापडली नाही. जॉर्जियातल्या माणसांत सापडली. उरलेल्या दोन अवशेषांच्या खुणा मात्र आपल्याकडच्या निघाल्या. ते कुणाचे असतील, हा प्रश्न मला राणीइतकाच छळतो. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत राणीचा अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला. त्या दिवसाचे फोटो पाहिले तर तिथली म्हातारी माणसं रडताना दिसतात.

मठाच्या घंटेची कथा त्या मानानं सुखाची. १८४१ साली ती आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ साली पणजीच्या पांढऱ्या पायऱ्यांच्या चर्चवर. अजून तिथंच आहे. भिंती जागच्या जागी मरतात, घंटा प्रवासाला निघतात.

हे आपल्या मुलखाला चांगलं माहीत आहे. चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि तिथल्या घंटा देशावर आल्या. भीमाशंकरची, पालीच्या बल्लाळेश्वराची, आणि मेणवलीच्या घाटावरची, जिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी आजही हाताला लागते. वसईच्या चर्चांचं शिस्तीत वर्णन करणारा पहिला मोठा ग्रंथ जेर्सन द कुन्हा या मुंबईत वैद्यकी करणाऱ्या गोवेकर डॉक्टरांनी १८७६ मध्ये लिहिला. त्यावर स्वतंत्र लेखच व्हायला हवा. एकच सांगतो : वसईच्या कोटात पुढं इंग्रजांच्या अमदानीत एका मेजर लिटलवुडनं साखरेचा कारखाना थाटला होता. माळेगाव, वालचंदनगरची धुराडी बघत वाढलेल्या मला तो पडक्या चर्चांमधला उसाचा रस डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि स्पेनशी आपलं नातं? तेही वसईतूनच निघतं. गोन्सालो गार्सिया हा वसईचा मुलगा मनिलाला जाऊन स्पॅनिश फ्रान्सिस्कनांत दाखल झाला, त्यांचा दुभाषी म्हणून जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मारला गेला. १८६२ साली रोमनं त्याला संत ठरवलं. पुढं पावणेदोनशे वर्षांनी ज्या संघानं कॅलिफोर्नियाची मिशनं बांधली तोच हा संघ. बारामतीच्या रद्दीतलं कार्ड आणि वसईचा कोट एका दोऱ्यात येतात ते असे.

'दुसरी खिडकी' वाचल्यावर मी घरातली ट्रंक उघडली. आजोबांच्या कागदांत भूसंपादनाची नोटीस आहे, हे मला ठाऊक होतं. ती कधी वाचली नव्हती. मोबदल्याच्या आकड्याखाली घराची चतुःसीमा लिहिली होती. उत्तरेस श्री पळसनाथाच्या आवाराची भिंत. पूर्वेस पेठेचा रस्ता. दक्षिणेस बोळ. पश्चिमेस भाऊबंदांचं घर. शेजारी लांबीरुंदी, फुटांत. ज्या कागदानं घर नेलं त्यानंच ते जपून ठेवलं होतं.

धरण पुन्हा मायनसमध्ये गेलं त्या उन्हाळ्यात आईला घेऊन गेलो. आजी नव्हती. होडीवाल्यानं काठाला सोडलं, पुढं गुडघाभर गाळ. वीरगळ आडवे पडले होते, शिखराच्या विटांत पाणकावळे बसले होते. आवाराच्या भिंतीचा दगड सापडला तिथं टेपाचं टोक आईच्या हातात दिलं आणि मी दक्षिणेला चालत गेलो. आकडा आला तिथं थांबलो. आईनं टेप सोडली, माझ्यापर्यंत आली, चपलेनं गाळ खरवडू लागली. बराच वेळ खरवडला. मग खाली बसून हातानं.

"ही बघ, न्हाणीची फरशी," ती म्हणाली. "हिच्या कोपऱ्याला खाच हाय. मी पाटा आपटला व्हता."

खाच होती.